‘न कळवता’ या दोन शब्दांतलं समीकरण

प्रश्न असा आहे:

एक गृहस्थ रोज संध्याकाळी ५ वाजता रेल्वेने स्टेशनवर उतरतात. नेमक्या त्याच वेळी घरची मोटार त्यांना न्यायला पोचते आणि लगेच त्यांना घेऊन घरी परतते. एके दिवशी ते आधीच्या गाडीने आले, ४ वाजता उतरले आणि घरी न कळवता त्याच रस्त्याने चालत निघाले. वाटेत मोटार भेटली, ते तिच्यात बसले आणि नेहमीपेक्षा १० मिनिटं आधी घरी पोचले. तर ते किती वेळ चालले? मी अंतर, चालण्याचा वेग आणि मोटारीचा वेग अशी अज्ञातं धरली, पण समीकरण एकच मिळतं. तोंडी केलं तर ५० मिनिटं येतात, पुस्तकात उत्तर ५५ आहे. माहिती अपुरी आहे की पुस्तक चुकलंय? आणि यावरून घर किती लांब आहे ते काढता येईल का?

पुस्तक बरोबर आहे. माहितीही पुरेशी आहे. घराचं अंतर मात्र यातून निघत नाही. गेली पंचवीसेक वर्षं मी हे उदाहरण मुलांना घालतो आहे आणि दर वेळी वर्गात तीन गट पडतात: ५० म्हणणारे, ‘माहिती अपुरी’ म्हणणारे, आणि पानभर समीकरणं मांडून मध्येच पेन खाली ठेवणारे. तुम्ही एकटेच तिन्ही गटांत आहात, तेव्हा उत्तर जरा लांबेल.

आधी तुमचे ५० पाहू. मीसुद्धा पहिल्यांदा ५०च म्हटलं होतं, आणि वर ठासून म्हटलं होतं. विचार असा चालतो: घरी १० मिनिटं आधी पोचले, म्हणजे मोटार १० मिनिटं आधी भेटली, म्हणजे ४:५० ला भेटली, म्हणजे ५० मिनिटं चालले. ऐकायला बिनतोड. आता ताळा करा. मोटार ४:५० ला भेटली असं क्षणभर मानू. रोजही ती ४:५० ला याच जागी असते आणि ५ वाजता स्टेशनवर पोचते, म्हणजे इथून स्टेशन तिला १० मिनिटांवर आहे. परतताना ती या जागी ५:१० ला येते. आज ती ४:५० लाच घराकडे वळली. वाचली किती मिनिटं? वीस. पण उदाहरणात तर दहाच वाचली आहेत. म्हणजे ४:५० चूक.

हा ताळा नीट पाहिलात तर बरोबर उत्तरही त्यातच सापडतं. मोटारीचं वाचलेलं अंतर म्हणजे भेटीच्या जागेपासून स्टेशनपर्यंत जाणं आणि तिथून पुन्हा त्या जागी येणं. जाणं आणि येणं मिळून १० मिनिटं, म्हणून एका बाजूचं ५. मोटार रोज ५ वाजता स्टेशनवर असते, तेव्हा स्टेशनच्या ५ मिनिटं अलीकडे ती ४:५५ ला होती. गृहस्थ ४ ला निघाले, ४:५५ ला भेटले. चालले ५५ मिनिटं. झालं.

इतकंच असेल तर एवढा घोळ का होतो? कारण आपलं लक्ष गृहस्थांवर असतं. उदाहरण त्यांचं आहे, चाललेत ते, विचारलंय त्यांच्याबद्दल. पण त्यांच्याविषयी आपल्याला काहीच धड माहीत नाही. चालण्याचा वेग ठाऊक नाही, किती चालले ते ठाऊक नाही. मोटारीचं मात्र सगळं पाठ आहे: ती रोज कधी कुठे असते, आणि आज किती मिनिटं आधी घरी आली. एका वर्षी एक मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, “सर, ड्रायव्हरला विचारा ना.” वर्ग हसला. मी तिला फळ्यापाशी बोलावलं, कारण या कोड्याचं उत्तर तेच आहे. ड्रायव्हर म्हणेल, ‘आज मला दहा मिनिटांचा फेरा वाचला.’ पुढचा हिशेब दोन ओळींचा.

काळ-काम-वेगाच्या उदाहरणांत मी एकच गोष्ट शिकवतो, बाकी सगळी सूत्रं पुस्तकात आहेतच: कोणाचं घड्याळ आपल्याला पूर्ण माहीत आहे ते आधी शोधा, आणि हिशेब त्याच्या मिनिटांत करा.

आता तुमची समीकरणं. तुम्ही अंतर आणि दोन वेग अज्ञात धरलेत. ही शाळेने लावलेली सवय आहे, त्यात तुमचा दोष नाही. ‘अंतर बरोबर वेग गुणिले वेळ’ हे सूत्र डोक्यात असलं की पेन आपसूक वेग आणि अंतराकडे वळतं. त्याऐवजी मिनिटंच अज्ञात धरा. गृहस्थ चालले ती मिनिटं च. तेवढाच रस्ता कापायला मोटारीला लागणारी मिनिटं म. भेट झाली ४ नंतर च मिनिटांनी, आणि मोटारीच्या बाजूने पाहिलं तर ५ च्या आधी म मिनिटांनी. ४ ते ५ हा एक तास, म्हणून

च + म = ६०

वाचलेला फेरा दोन्ही बाजूंचा, म्हणून

२म = १०

म = ५, च = ५५. दोन अज्ञातं, दोन समीकरणं. अंतराचं नावही आलं नाही.

तुम्हाला एकच समीकरण मिळालं ते दुसरं, घरी १० मिनिटं आधी पोचल्याचं. ते आकड्यात दिलेलं आहे, म्हणून चटकन दिसतं. पहिलं समीकरण आकड्यात नाही. ते ‘न कळवता’ या दोन शब्दांत आहे. घरी कळवलं नव्हतं, म्हणून मोटार नेहमीच्या वेळीच निघाली, म्हणून भेट होईपर्यंत ती रोजच्या वेळापत्रकावर होती. हे दोन शब्द काढून टाका आणि कोडं मरतं. गृहस्थांनी स्टेशनवरून फोन केला असता तर मोटार कधी निघाली ते आपल्याला कळलं नसतं आणि तुमचं ‘माहिती अपुरी’ हे उत्तर शंभर टक्के बरोबर ठरलं असतं. शाब्दिक उदाहरणात एखादा शब्द रिकामा वाटला, तर मी मुलांना तो खोडून पुन्हा वाचायला लावतो. खोडल्यावर उदाहरण बदलत नसेल तर शब्द नक्षीचा. बदलत असेल तर तिथे समीकरण आहे. अशी आणखी दोन समीकरणं याच मजकुरात आहेत: ‘त्याच रस्त्याने’ आणि ‘लगेच’. गृहस्थ पायवाटेने गेले असते तर मोटार भेटलीच नसती, आणि मोटार स्टेशनवर थांबत असती तर ती थांबण्याची मिनिटंसुद्धा वाचलेल्या दहांत मोजावी लागली असती.

एक गृहीत मात्र मजकुरात कुठेच नाही, आणि पुस्तकंही त्याबद्दल गप्प असतात. दहाचे पाच-पाच केले ते जातानाचा आणि येतानाचा वेग सारखा धरून. समजा घराकडचा रस्ता चढाचा आहे आणि येताना मोटारीला दुप्पट वेळ लागतो. मग दहा मिनिटांचे तीन भाग करायचे: एक भाग जाण्याचा, दोन येण्याचे. जाण्याचा भाग ३ मिनिटं २० सेकंद. भेट ४ वाजून ५६ मिनिटं ४० सेकंदांनी, आणि चालणं ५६ मिनिटं ४० सेकंद. रीत तीच राहिली, फक्त वाटणी बदलली. ज्याला ‘दहाचे निम्मे’ एवढंच पाठ आहे तो इथे अडकतो. ज्याला फेरा दिसला तो अडकत नाही.

तरी पटत नसेल तर आलेख काढा. मी स्वतः कोणतंही असलं उदाहरण अडलं की आधी आलेखच काढतो. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्टेशनपासूनचं अंतर. रोजच्या मोटारीची रेषा घराच्या उंचीवरून खाली उतरते, बरोबर ५ ला तळाला टेकते आणि तितक्याच उताराने पुन्हा वर चढते. इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार होतो. गृहस्थांची रेषा ४ वाजता तळातून निघते आणि अगदी सावकाश, जवळजवळ आडवी, वर जाते. ती व्हीच्या डाव्या बाजूला जिथे छेदते ती भेट. तिथून मोटार परत वर चढते, आणि ही नवी रेषा व्हीच्या उजव्या बाजूला समांतर असते, कारण वेग तोच आहे. दोन समांतर रेषांमधलं आडवं अंतर सगळीकडे सारखंच असतं. घराच्या उंचीवर ते १० मिनिटं आहे, म्हणून भेटीच्या उंचीवरही १० मिनिटंच. म्हणजे त्या उंचीवर व्हीचे दोन हात एकमेकांपासून १० मिनिटं लांब आहेत, आणि ५ वाजताचं टोक दोहोंच्या बरोबर मध्ये. डावा हात ४:५५ वर, उजवा ५:०५ वर. अक्षर न लिहिता उत्तर समोर येतं. घर कितीही वर सरकवा, व्ही नुसता लांबतो, पण छेदनबिंदू जागचा हलत नाही. अंतर का लागत नाही ते इथे डोळ्यांना दिसतं.

ही खेळातली युक्ती आहे असं समजू नका. रेल्वेचे सेक्शन कंट्रोलर गाड्यांचा हिशेब अशाच तक्त्यावर ठेवत आले आहेत: एका अक्षावर वेळ, दुसऱ्यावर स्टेशनं, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेषा. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या दोन गाड्यांच्या रेषा स्टेशन सोडून भलत्याच जागी छेदत असतील, तर कोणाला तरी आधीच्या स्टेशनात थांबवावं लागणार हे रेषाच सांगते.

आता सूत्राकडे येऊ, कारण स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे हमखास सूत्र मागतात. गृहस्थ ‘आ’ मिनिटं आधी उतरले आणि घरी ‘ब’ मिनिटं आधी पोचले, तर चालण्याची मिनिटं आ वजा निम्मे ब. पाठ करायला हरकत नाही, पण आधी त्याला टोकाला नेऊन पाहा. समजा गृहस्थ चाललेच नाहीत, स्टेशनवरच येरझारा घालत बसले. मग घरी नेहमीच्याच वेळी पोचतील, ब शून्य, आणि सूत्र म्हणतं ‘चालण्यात’ पूर्ण आ मिनिटं गेली. बरोबर, मोटार येईपर्यंतचा सगळा वेळ. दुसरं टोक: गृहस्थ मोटारीइतक्याच वेगाने धावू शकतात. मग ते जितके आधी उतरले तितकेच आधी घरी पोचायला हवेत, म्हणजे ब आणि आ सारखे, आणि धावणं निम्मे आ. मोटार आणि ते सारख्या वेगाने एकमेकांकडे येत असतील तर मधली वेळ निम्मी-निम्मी वाटली जाणारच. दोन्ही टोकांना सूत्र शहाण्यासारखं वागतं. मधल्या आकड्यांवर विश्वास ठेवायला मला एवढं पुरतं.

त्याच आकड्यांतून एक फुकटची माहितीही मिळते. जो रस्ता मोटारीला ५ मिनिटांचा, तोच गृहस्थांना ५५ मिनिटांचा. म्हणजे मोटारीचा वेग चालण्याच्या बरोबर ११ पट. माणूस तासाला ५ किलोमीटर चालतो असं धरलं तर मोटार तासाला ५५ किलोमीटरने जाते. दोन्ही आकडे रोजच्या व्यवहारातले. कोडं रचणाऱ्याने आकडे जपून निवडले आहेत. काही पुस्तकांत १० ऐवजी २० मिनिटं असतात. तिथे चालणं ५० मिनिटं, आणि मोटार चालण्याच्या फक्त ५ पट. गणिताच्या दृष्टीने काही बिघडत नाही, पण तासाला २५ किलोमीटरने जाणाऱ्या मोटारीची मला दया येते. शिवाय त्या पुस्तकात ५० हे बरोबर उत्तर असतं. तुमच्या डोक्यातले ५० तिथून आले असण्याचीही शक्यता आहे. तेवढं तपासून पाहा.

हे ११ पट हाताशी असलं की उत्तर आणखी एका वाटेने पडताळता येतं, आणि ती वाट फार जुनी आहे. आर्यभटाने इसवी सन ४९९ मधल्या आर्यभटीयात, गणितपादात, भेटीच्या वेळेचा नियम दिला आहे. दोघे विलोम दिशांनी, म्हणजे समोरासमोर येत असतील तर मधल्या अंतराला गतींच्या बेरजेने भागा. अनुलोम, म्हणजे एकाच दिशेने जात असतील तर गतींच्या वजाबाकीने. येणारा काळ त्यांच्या योगाचा, म्हणजे भेटीचा, मग तो योग होऊन गेलेला असो की व्हायचा असो. त्याच्या डोळ्यांसमोर ग्रह होते, मोटार नव्हती, पण नियमाला काय त्याचं. आपल्या कोड्यात ४ वाजता दोघांमधलं अंतर किती? मोटार ५ ला स्टेशनवर येणार, म्हणजे ४ वाजता ती स्टेशनपासून मोटारीच्या ६० मिनिटांइतकी दूर. (तेव्हा ती अजून घरीच उभी असेल, पण ती मागच्या मागे लांबून येते आहे अशी कल्पना केली तरी भेटीत फरक पडत नाही.) मोटार एका मिनिटात जेवढं अंतर कापते त्याला १ मोटार-मिनिट म्हणू. मोटारीची गती एका मिनिटात १ मोटार-मिनिट, गृहस्थांची १/११. बेरीज १२/११. ६० ला १२/११ ने भागलं की ५५. शाळेत आपण ज्याला सापेक्ष वेग म्हणतो तो हाच.

घड्याळ कोणाचं धरायचं याची सवय लागली की अशी आणखी जुनी कोडी एकामागून एक सुटतात. माशीचं कोडं ऐकलंच असेल. दोन गाड्या १०० किलोमीटर अंतरावरून तासाला ५० किलोमीटरने समोरासमोर येताहेत. एक माशी तासाला ७५ किलोमीटरने एकीच्या टोकापासून दुसरीच्या टोकापर्यंत आणि परत, अशा फेऱ्या मारते आहे. गाड्या भेटेपर्यंत ती किती उडाली? माशीच्या फेऱ्या अनंत आहेत, तिच्या मागे लागलात तर अनंत श्रेढीची बेरीज करावी लागते. गाड्यांचं घड्याळ पाहिलं तर एक तास, म्हणून ७५ किलोमीटर. आकडेमोडीत विलक्षण वेगवान असलेले गणिती जॉन फॉन नॉयमन यांच्याबद्दल गोष्ट सांगतात की त्यांनी याचं उत्तर क्षणात दिलं. विचारणारा म्हणाला, तुम्हाला युक्ती कळली तर. ते म्हणाले, कसली युक्ती, मी श्रेढीची बेरीज केली. गोष्टीत मीठमसाला असेल, पण सांगण्यासारखी आहे. आपण फॉन नॉयमन नाही, आपण गाड्यांचं घड्याळ पाहावं.

माझं सगळ्यांत आवडतं मात्र वेगळं आहे. रशियन गणिती व्लादिमीर आर्नोल्ड शाळेत असताना त्यांच्या शिक्षकांनी ते वर्गात घातलं होतं. आर्नोल्ड यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं की आपण दिवसभर त्यावर विचार करत होतो आणि गणिताचा पहिला खरा अनुभव तोच. दोन म्हाताऱ्या सूर्योदयाला निघतात, एक अ पासून ब कडे, दुसरी ब पासून अ कडे. प्रत्येकीची चाल आपापली, पण एकसारखी. दुपारी बाराला त्या भेटतात, न थांबता पुढे जातात. पहिली दुपारी ४ ला ब ला पोचते, दुसरी रात्री ९ ला अ ला. त्या दिवशी सूर्योदय किती वाजता झाला?

इथेही अंतर नाही, वेग नाहीत, आणि तुमच्यासारखाच पहिला आक्षेप येतो. पण रस्त्याचे दोन तुकडे करा, भेटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा. सूर्योदयापासून बारापर्यंत स तास झाले म्हणू. अ कडचा तुकडा पहिलीने स तासांत कापला, तोच दुसरीने ९ तासांत. ब कडचा तुकडा दुसरीने स तासांत कापला, तोच पहिलीने ४ तासांत. एकाच रस्त्याला दोघींना लागणाऱ्या वेळांचं गुणोत्तर दोन्ही तुकड्यांवर सारखंच असलं पाहिजे, कारण चाल बदललेली नाही. म्हणून

स : ९ = ४ : स

स चा वर्ग ३६, स = ६. सूर्योदय सकाळी ६ वाजता. पहिलीला जिथे ६ तास लागतात तिथे दुसरीला ९, म्हणजे चालींचं प्रमाण ३ : २. परीक्षेच्या तयारीत हेच ‘भेटीनंतरच्या वेळांच्या व्यस्त गुणोत्तराचं वर्गमूळ’ म्हणून पाठ करून घेतात, आणि मुलं वर्गमूळात वर कोण आणि खाली कोण याचा गोंधळ घालतात. दोन तुकडे डोळ्यांसमोर ठेवले तर गोंधळायला जागाच उरत नाही.

एक इशारा द्यायला हवा. वेळेचा हिशेब सोडून वेगांची सरासरी काढायला गेलात की भलेभले फसतात. मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थहायमर यांनी आइनस्टाइनना घातलेलं एक उदाहरण आहे. जुनी खटारा मोटार टेकडीवर एक मैल चढते, तासाला १५ मैलांनी. पलीकडचा एक मैल उतरताना किती वेग ठेवला तर दोन्ही मैलांचा मिळून सरासरी वेग तासाला ३० मैल होईल? मन लगेच ४५ म्हणतं, १५ आणि ४५ ची सरासरी ३० म्हणून. घड्याळ पाहा. दोन मैल ३० च्या वेगाने म्हणजे ४ मिनिटं. एक मैल १५ च्या वेगाने म्हणजेसुद्धा ४ मिनिटं. सगळा वेळ चढावरच संपला. उतरायला एक सेकंदही शिल्लक नाही, तेव्हा असा वेगच नाही. आइनस्टाइननी उत्तरात कबूल केलं की उताराला वेळच उरत नाही हे आकडेमोड केल्यावरच त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा तुमच्या ५० बद्दल वाईट वाटून घेऊ नका.

आता घराचं अंतर. ते निघत नाही हे आलेखात दिसलंच, पण अगदीच काही कळत नाही असंही नाही. निदान एक मर्यादा कळते. भेट मोटारीच्या ५ मिनिटांच्या अंतरावर झाली, तेव्हा घर त्याच्या पलीकडेच असणार. तासाला ५५ किलोमीटर धरले तर साधारण ४.६ किलोमीटरहून लांब. किती लांब ते सांगायला आणखी एक माहिती लागेल, उदाहरणार्थ मोटार घरून किती वाजता निघते.

ही मर्यादा एका वेगळ्या प्रश्नात कामाला येते, आणि तो प्रश्न मी तुम्हाला सोडवूनच देतो. तेच गृहस्थ, त्याच चालीने, एक तासाऐवजी अर्धा तास आधी उतरले तर घरी किती आधी पोचतील? साध्या त्रैराशिकाने ५ मिनिटं येतात. वर्गात इथवर आलेली मुलं एवढी सावध झालेली असतात की त्रैराशिकावर विश्वासच ठेवत नाहीत. पण इथे ते चालतं. भेटीपर्यंतचा रस्ता मोटारीला म मिनिटं लागत असेल तर गृहस्थांना ११म, दोन्ही मिळून १२म म्हणजेच आधी उतरण्याची मिनिटं. वाचतात २म. म्हणून वाचलेली मिनिटं नेहमी आधी उतरण्याच्या एक षष्ठांश. तीस मिनिटांचे पाच, साठांचे दहा.

आणि दोन तास आधी उतरले तर वीस? घर मोटारीच्या १० मिनिटांहून लांब असेल तर हो. बरोबर १० मिनिटांवर असेल तर गंमत होते: ३ ला उतरलेले गृहस्थ ११० मिनिटं चालून ४:५० ला दारात पोचतात, आणि त्याच क्षणी मोटार निघायच्या तयारीत असते. घर त्याहून जवळ असेल तर मोटार निघायच्या आत ते घरी असतील आणि एक षष्ठांशाचा नियम मोडेल.

घर मोटारीच्या ८ मिनिटांवर आहे असं धरून तीच दोन तासांची वेळ तुम्ही करून पाहा. उत्तर २० आलं, तर तुम्ही इथे मोडलेला एक षष्ठांशाचा नियमच लावलात. नेहमीची घरी पोचायची वेळ लिहून ताडून बघा: ५:०८. गृहस्थ ८८ मिनिटं चालून ४:२८ ला घरात. वाचली ४० मिनिटं.